चिंचेचा हात

सासऱ्यांचे दोन मासे मी मारले, आणि तेही शास्त्राच्या आधारानं. परवा नात तिच्या काचपेटीतलं पाणी तपासत होती आणि मी आमटीसाठी चिंच कोळत होते. त्या आंबट वासानं मला पन्नास वर्षं मागं, फलटणच्या घरात नेलं.

मामंजी नुकतेच फौजेतून परतले होते. पुण्याहून एसटीत मांडीवर डबा धरून त्यांनी दोन सोनेरी मासे आणले आणि काचेच्या पेटीत सोडले. मी म्हणजे कॉलेजात वर्षभर रसायनशास्त्र शिकलेली शहाणी सून! चिंच कोळता कोळता उठले आणि आंबट पाण्यात लाल होणारा निळा लिटमस कागद पेटीतल्या पाण्यात बुडवला. कागद लाल!

"आवं मामंजी, पाणी आंबट झालंय. चुना घालावा लागंल."

"तू शिकल्याली हायस. घाल."

पानाच्या डब्यातला चुना कालवून मी ओतला. संध्याकाळी दोन्ही मासे उलटे तरंगत होते. ते बाहेर काढून रात्रीच्या आमटीसाठी पुन्हा चिंच कोळली; हात धुताना बोटांना लागलेली चिंच दिसली आणि मघाशी कागद कशानं लाल झाला ते कळलं. खाली मान घालून मी मामंजींना सगळं सांगितलं.

ते रिकाम्या पेटीकडं बघत म्हणाले, "कागद लाल झाला तवा मासं मजेत फिरत व्हतं, पोरी. त्येंच्याकडं एकदा तरी बघायचं व्हतंस."