साडूंची लाल पट्टी

सिल्वासात राहून आपले सगळे रविवार शुद्धीत, आणि तेही म्युझियममध्ये घालवणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. शेजारी गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे शनिवार उजाडला की सुरत-वलसाडकडची तहानलेली मंडळी आमच्या गावाकडे धाव घ्यायची. साडूंचे सुरतचे नातेवाईकही त्याच तहानेने डोकमर्डीला, आमच्या वस्तीत, येत. साडू त्यांना लिंबू सरबत पाजून थेट आदिवासी म्युझियममध्ये नेत आणि ढोल, मुखवटे, टोपल्या दाखवत. पुढे पुढे नातेवाईक दमणला जाऊ लागले.

साडू मूळचे चाळीसगावचे, मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगचे सुपरवायझर. मी शाळामास्तर. दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे, एकाच चाळीत वरखाली राहणारे. सहा दिवस तुमच्याआमच्यासारखा वागणारा हा माणूस रविवारी डोक्यावरून आंघोळ करी, इस्त्रीचा शर्ट घाली आणि म्युझियमच्या दारात चपला काढून आत जाई. पहारेकऱ्याने एकदा हटकलं, "काका, ये मंदिर नहीं है." साडू म्हणाले, "मालूम है रे भाऊ. पण इतके लोगों के हाथ का काम है अंदर. चप्पल कैसे पहनेगा?" त्यानंतर तो बिचारा पहारेकरी त्यांच्या चपलांवरही लक्ष ठेवू लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण साडूंनी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत मांडणशिल्पाबद्दल वाचलं आणि आमच्या चाळीचे ग्रह फिरले. म्युझियममध्ये जे पाहायचं, ते कारखान्याच्या टाकाऊ मालातून चौपट मोठं करून मांडायचं, हा त्यांचा नवा धर्म झाला. धाग्याच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्यांची त्यांनी कणगी उभारली, तर शेजारच्या शेळीने आत जाऊन पिल्लं दिली. ड्रमच्या झाकणांचे मुखवटे करून जिन्यात टांगले, तर दूधवाल्याने वर यायचंच सोडलं. आमची अक्का, म्हणजे त्यांची बायको, बिनदुधाचा चहा आदळत म्हणाली, "या माणसापायी एक दिवस चाळ आपल्याला बाहेर काढणार." साडू मात्र खूश. "पाहिलं का साडूभाऊ? दूधवाला घाबरला! म्युझियमातल्या मुखवट्याले काचेपायी कोनी भीतच नाही."

प्रत्येक कामात एक लाल पट्टी असायचीच. का, तर नजर लागू नये म्हणून. त्या मुखवट्यांना कुणाची नजर लागणार होती ते देव जाणे.

पण या सगळ्या खटाटोपामागे एक खरी इच्छा होती, आणि ती मला ठाऊक होती. आपल्या हातची एक तरी वस्तू त्या म्युझियममध्ये राहावी. म्हणून त्यांनी वर्षभर खपून मासे धरायचा सापळा विणला. म्युझियममधला बांबूचा, हातभर लांब. साडूंचा पॅकिंगच्या निळ्या प्लास्टिक पट्ट्यांचा, माझ्याहून उंच, पोटाशी एक लाल पट्टी. टेम्पोत घालून आम्ही तो म्युझियमच्या साहेबांपुढे नेला. साहेब भला माणूस. त्यांनी सापळ्याला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "काम सुंदर आहे हो. पण हे प्लास्टिक. शिवाय आमच्याकडे वस्तूखाली जमात लिहावी लागते. काय लिहू?"

"पॅकिंग डिपार्टमेंट लिहा," साडू म्हणाले.

साहेब हसले, आणि सापळा परत टेम्पोत चढला. अक्काने तो घरात घेऊ दिला नाही, म्हणून चाळीमागच्या ओहोळाकाठी उभा केला. चार दिवसांनी पाहतो तर सापळा गायब! साडूंनी अन्न सोडलं. मला फार वाईट वाटलं त्यांचं. शेवटी आम्ही दोघे ओहोळाच्या काठाकाठाने शोधत निघालो, तर खालच्या अंगाला, आदिवाशांच्या पाड्याजवळ, सापळा पाण्यात आडवा घातलेला. दगडांनी दाबलेला, आत मासे फडफडताहेत आणि एक बाई ते टोपलीत काढतेय.

आम्हाला पाहून ती म्हणाली, "तुमचा हाय का? न्या मंग. पन मासं आमचं."

साडू पँट वर करून पाण्यात उतरले. सापळ्यावरून हात फिरवला, वाकून आत बघितलं. मला वाटलं, आता रडणार हा माणूस. पण ते हसायला लागले. "राहू द्या बाई," म्हणाले, "याले पानीच पाहिजे होतं."

त्यानंतर पाड्यावरचे लोक कारखान्याच्या फाटकाशी येऊन साडूंकडे पट्ट्या मागू लागले. बांबू आणायला लांब जावं लागे, आणि ही पट्टी कुजत नव्हती. साडू मालकाला विचारून टाकाऊ पट्ट्यांची भेंडोळी द्यायचे आणि वर एक लाल तुकडा. लोक तोही विणत. साडूंच्या सापळ्याने मासे भरभरून दिले होते, मग त्यातलं काही वगळायचं कशाला?

पुढे कारखाना बंद पडला, साडू चाळीसगावला गेले आणि तिथेच एका हिवाळ्यात वारले. वर्षभराने अक्का आमच्याकडे आली. नवरा हयात असताना जिने म्युझियमचं तोंड पाहिलं नाही, ती आपणहून म्हणाली, "भाऊजी, मला ते दाखवा एकदा."

आम्ही गेलो. ढोल तिथेच, मुखवटे तिथेच. कोपऱ्यात एक नवं कपाट होतं आणि त्यात हातभर लांबीचा, पाड्यावर कुणीतरी विणलेला मासे धरायचा सापळा. निळ्या प्लास्टिक पट्ट्यांचा. खाली चिठ्ठी, 'मासे पकडण्याचे पारंपरिक साधन'. आणि पोटाशी एक लाल पट्टी.

मी अक्काला बोटाने दाखवली. ती बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली.

"नाव नाही लिहिलं त्यांचं," ती म्हणाली.

"नाही."

पायांतल्या चपला काढून तिने हातात घेतल्या, दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि अनवाणी परत येऊन त्या कपाटापुढे उभी राहिली.