लागलं!

मुलगी कॅनडाला निघाली होती. तिला विमानतळावर सोडून मी जवळच्याच एका लॉजच्या गच्चीवर आले. गाडी बोईसरला सकाळी परतणार होती. विमान उडायला अवकाश होता.

कठड्याशी एक बाई उभी होती. हिरवं नऊवारी लुगडं, अंबाड्यात अबोली. बोईसरजवळच्या नवापूरची कोळीण निघाली, म्हणजे आमच्या शेजारचीच. जहाजावर नोकरीला असलेला तिचा मुलगा आज विमानाने येणार होता. सकाळी ती जुहूची चौपाटी बघून आली होती. "येवढी वाळू हाय, पन बोंबील वाळवायला एक बांबू नाय!" असं म्हणून हसली.

विमान उतरलं की ती टाळी वाजवून म्हणायची, "लागलं!" होडी किनाऱ्याला लागावी तसं. मला तिचा राग येत होता. दुसऱ्या बाजूला एक विमान उडालं. मुलीच्या विमानाची वेळ तीच होती. मी म्हटलं, "माझी मुलगी गेली बघा त्यात."

तिने मान वळवली नाही.

"बाय, जानारी होडी आमी बघत नाय. येनारी बघतो. तू पन इकडं तोंड कर."

हिला बोलायला काय जातंय! तेवढ्यात तिचा फोन वाजला. "आला गो माजा!" म्हणत ती पदर खोचून जिना उतरली.

मी तिच्या जागेवर जाऊन उभी राहिले. तिच्यासारखंच उतरणाऱ्या विमानांकडे तोंड केलं. विमानं एकामागून एक लागत होती. सगळी दुसऱ्यांची.