टपालताईंची टोपली

आमच्या ऑफिसात टपालताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणीच नव्हतं. शिलाई मशीनचे सुटे भाग गावोगावी पाठवायचा आमचा धंदा. वर गोदाम, खाली तीन टेबलं, आणि दाराजवळचं टेबल ताईंचं. कागदी टपालाच्या काळात त्या पाकिटं फोडायच्या, तारखेचा शिक्का मारायच्या आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायच्या. पुढे पाकिटं आटली, टेबलावर कॉम्प्युटर आला आणि टपाल त्यात येऊ लागलं. ताईंनी शिक्का खणात ठेवला आणि माउस हातात घेतला.

मी शेजारच्या टेबलावर दरपत्रकं करायचो. मला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळायचं आणि जेवढं कळायचं त्याच्या दुप्पट मी लोकांना सांगायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मालक मला ऐकवत. पण मालकांना स्वतःला प्रिंटर चालू करता येत नसे, म्हणून मी ते मनावर घेत नव्हतो.

ताईंची शिस्त ठरलेली. सकाळी आल्या आल्या नको ती पत्रं वेचायची. टकलावर केस उगवणारे, आठ दिवसांत वजन उतरवणारे, न काढलेल्या तिकिटावर लॉटरी लागल्याचं कळवणारे. एकेकावर त्या 'जंक'चं बटण दाबायच्या आणि पत्र जंकच्या फोल्डरात जायचं. त्या फोल्डरला ताई टोपली म्हणत. पाच वाजता, पर्स खांद्याला लावण्याआधी, टोपली न बघता रिकामी करायच्या. घरी जाताना मागे केर ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांनी मला विचारलं, "हल्ली हे लॉटरीवाले आपले आपणच टोपलीत जाऊन बसतात. ते कसं रे?"

विषय माझ्या आवडीचा निघाला. मी खुर्ची वळवली.

"तुम्हीच शिकवलंय त्याला. एखाद्याला तुम्ही टोपलीत टाकलंत की हा प्रोग्राम ते लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी त्याचं पत्र परस्पर टोपलीत. तुमच्या नजरेलाही पडत नाही."

"एकदाच टाकलं असलं तरी?"

"एकदासुद्धा पुरतं कधी कधी."

"आणि कुणाकुणाला टाकलं, ते कुठे वाचता येतं?"

"नाही. ते त्याच्या पोटात."

"चुकून टाकलं असेल तर?"

"चुकून काय आणि रागाने काय, ताई. त्याला काय कळतंय? टाकलं म्हणजे टाकलं."

मी हसलो. ताई हसल्या नाहीत. त्या दिवशी पाच वाजता त्या टोपली रिकामी न करता घरी गेल्या. कॉम्प्युटर आल्यापासून प्रथमच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीन खूळ धरलं. टोपलीतलं प्रत्येक पत्र उघडून वाचायचं. खरंच प्रत्येक. केस उगवणाऱ्याचंसुद्धा, वरून खालपर्यंत, सहीसकट. मी चिडवायचो, "काय ताई, लागली का लॉटरी?" त्या म्हणायच्या, "लागली की तुला पहिल्यांदा सांगेन." दोन महिन्यांनी त्यांना टोपलीत एका लांबच्या शिंप्याची खरीखुरी ऑर्डर सापडली. बिचाऱ्याने विषयाच्या जागी फक्त 'तातडीचे' असं लिहिलं होतं. मालकांनी सगळ्यांसमोर ताईंची पाठ थोपटली आणि मला म्हणाले, "बघ, याला म्हणतात डोळ्यांत तेल घालून काम करणं." मग ताईंना काही बोलायची सोय राहिली नाही. मलाही वाटलं, ऑर्डरींसाठीच चाललंय हे सगळं.

पुढे त्यांचा गुडघा बिघडला. ऑपरेशन ठरलं, तीन आठवड्यांची रजा. जाताना त्यांचं टेबल माझ्याकडे आलं.

"ऑर्डरी बघ, उत्तरं दे," त्या म्हणाल्या. "टोपलीला मात्र हात लावू नकोस. आहे तशी राहू दे."

"आणि साठत गेली तर?"

"साठू दे. मी येऊन बघेन."

मी मान डोलावली आणि तिसऱ्या आठवड्यात टोपली उघडली. चारशे बारा पत्रं. मनात आलं, दुखरा पाय घेऊन बाई येणार आणि हा उकिरडा उपसत बसणार. ऑर्डरींसाठी वरवर नजर फिरवली. मशीन, सुई, बॉबिन असा एकही शब्द दिसला नाही. सगळं पुसून टाकलं. वर आणखी शहाणपणा केला. सात दिवसांपूर्वीचं जंक आपोआप नाहीसं व्हावं अशी सेटिंग करून ठेवली. ताई खूश होतील अशी माझी खात्री होती.

ताई काठी टेकत आल्या, बसल्या, टोपली उघडली. आत चार पत्रं होती.

"बाकीची?"

"साफ केली. आता रोजचा तो व्यापच नको तुम्हाला."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान केलंस," आणि आपला स्वच्छ कप उचलून धुवायला गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या. ती सेटिंग त्यांनी मला काढायला लावली. मीही तो विषय तिथेच सोडला.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून टेबलाचा ताबा दिला. खणाची किल्ली, शिक्का, ग्राहकांची वही. शेवटी त्यांनी टोपली उघडली आणि वाचत वाचतच सांगायला लागल्या.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. लहानपणी एका जागी ठरायचा नाही, म्हणून घरात त्याला भोवरा म्हणत. मोठेपणीही तेच. कधी या देशात, कधी त्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईंनी त्याला निरोपावर निरोप धाडले. तो आला नाही. आई गेली त्यालाही महिना उलटला, आणि एका सकाळी त्याचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. कुठल्या तरी नव्याच पत्त्यावरून, 'ताई, माझं चुकलं' अशी सुरुवात.

"पहिली ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं," ताई म्हणाल्या. "महिन्याने सुचलं याला. लॉटरीवाल्यांना हाकलते ना, तेच बटण दाबलं. पाच वाजता टोपली रिकामी केली. पुढे काय लिहिलं होतं तेही वाचलं नाही. पत्ताही गेला."

"मग?"

"मग वर्षभर वाट बघितली. म्हटलं, लिहील पुन्हा. माझ्यापेक्षा धाकटा आहे, त्यानेच लिहायला हवं. आणि मग तू सांगितलंस, एकदा टाकलं की पुढची परस्पर जातात." त्यांनी एक पत्र बंद केलं, दुसरं उघडलं. "वर्षभर रोज पाचला मी टोपली ओतत होते रे. त्याने किती लिहिली असतील, कुणाला माहीत."

मला ती चारशे बारा आठवत होती. त्यांनाही आठवत असतीलच, पण त्यांनी तो विषय काढला नाही.

"रोज एकदा चाळत जा," एवढंच म्हणाल्या.

त्या निवृत्त झाल्यावर सोमवारी मी त्यांच्या खुर्चीत बसलो. कामाचा भाग म्हणून सेटिंगमधली विश्वासातल्या पत्त्यांची यादी उघडली. या यादीत ज्याचा पत्ता असतो त्याचं पत्र कधी टोपलीत जात नाही. मला वाटलं, ग्राहक असतील. ग्राहक होते पंधरा-वीस. बाकी दोनशेच्यावर सगळे भोवरे. भोवऱ्यापुढे जन्माचं साल. भोवऱ्यापुढे घराचा नंबर. भोवऱ्यामागे शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव, आईचं नाव. तो कुठला पत्ता घेईल याचे अंदाज करकरून बाईने एकेक ओळ भरली होती. कुठूनही लिही, दार उघडं आहे, असं ती यादी म्हणत होती.

मग मी 'पाठवलेली पत्रं' हा फोल्डर बघितला. यादीतल्या भोवऱ्याच्या प्रत्येक पत्त्यावर ताईंनी एकच ओळ पाठवली होती: 'तू तोच का? असशील तर लिही. ताई.' आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो, पण तो शब्द खरा एकाचा होता. असा पत्ताच नाही, अशी नोंद लागून जवळपास सगळी पत्रं परत आली होती. गेलेलं पत्र आणि परत आलेली नोंद अशी मी एकेकाची जोडी लावत गेलो. दुपारपर्यंत लागली.

एक पत्र परत आलेलं नव्हतं. आईच्या नावाचा पत्ता. पाठवल्याची तारीख बघितली. ताईंच्या ऑपरेशनच्या रजेआधी चार दिवस.

म्हणजे उत्तर आलं असेल तर मी टेबल सांभाळत होतो त्याच तीन आठवड्यांत. पत्ता यादीत होता, तरी ते टोपलीत गेलं नसेलच असं सांगता येत नाही. त्याने तोवर पत्ता पुन्हा बदलला असेल. किंवा त्याने लिहिलंच नसेल. ताईंना यातलं काहीच कधी कळणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. सगळं ठाऊक असून त्या 'छान केलंस' म्हणाल्या होत्या. त्या पत्त्यावर त्यांनी पुन्हा लिहिलं नव्हतं. एकदा विचारून झालं होतं, गप्प राहणं हेच त्याचं उत्तर असेल तर ते दुसऱ्यांदा ऐकायचं नसेल त्यांना.

मी लिहिलं. मला लिहिता येत नाही, दरपत्रकासारखंच झालं. 'आपल्या ताईंचे पत्र आपणास मिळाले असल्यास व आपण उत्तर दिले असल्यास ते माझ्या चुकीने पुसले गेले. त्यांनी ते पाहिलेले नाही. कृपया पुन्हा लिहावे.' खाली ताईंच्या घरचा फोन नंबर दिला आणि पाठवलं.

शनिवारी ताईंचा फोन आला. गुडघा, मालक, नवा प्रिंटर, सगळं विचारून झालं.

"टोपलीत काही?"

"नाही, ताई." मग मी धीर केला. "पण मी त्याला लिहिलंय. आईच्या नावाच्या पत्त्यावर. माझ्या हातून काय झालं तेही. पाच दिवस झाले. परत आलेलं नाही."

पलीकडे खुर्ची ओढून बसल्याचा आवाज झाला.

"बरं," ताई म्हणाल्या. "टोपलीला हात लावू नकोस."