झुवेनाचा कोपरा

आमच्या वेते गावात झुवेनाच्या हातची चटई नाही असं घर सापडायचं नाही. शिंदीच्या पात्यांच्या पट्ट्या विणायच्या, एकीला एक शिवायच्या, यात तिची हयात गेली. जीव मात्र बालवाडीत. तिथली पोरं ती सांभाळायचीच, पण बाईंची जागा शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्यालाच मिळणार, आणि गणितात ही दोनदा आपटलेली. तिसऱ्या खेपेला माझ्याकडे आली. मी निवृत्त मास्तर, तोंडाचा फाटका.

अडलं होतं वर्गसमीकरणात, पूर्ण वर्ग करण्यावर. क्ष वर्ग अधिक आठ क्ष बरोबर तेहतीस. महिनाभर घासलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. चौरस ती झोकात जुळवायची आणि उत्तर भलतंच काढायची.

शेवटी वैतागून म्हटलं, "बाई, याची चटईच कर. चौरस चटई, बाजू माहीत नाही. तिला आठ हात रुंद पट्टी जोडायची. सगळी मिळून तेहतीस चौरस हात."

"एकाच अंगाला जोडली तर लांबुडकी होईल, मास्तर. पट्टी मधोमध कापते. चार हात उजवीकडे, चार खाली."

"आणि कोपरा?"

"उघडा राहतो. चार बाय चारचा तुकडा विणून भरायचा."

"मग आता चटई केवढी झाली?"

"तेहतीस."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तो तुकडा काय आभाळातून पडला?"

"कोपरा कोण मोजतं? आई सांगायची, कोपरा आपल्या पदरचा, त्याचे पैसे लावायचे नाहीत."

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "पदरचा असला तरी विणतेस ना? मग मोज."

ती बोटं दुमडत बसली. "सोळा. म्हणजे एकोणपन्नास. बाजू सात. त्यातले चार गेले, तीन." मग खाली बघत म्हणाली, "मास्तर, तीस वर्षं मी कोपरे विणतेय."



निकालानंतर पंधरवड्यानं बालवाडीत डोकावलो. बाईंच्या खुर्चीत झुवेना. पोरं नव्या चौरस चटईवर बसलेली, तिचा एक कोपरा लालभडक.

"या मास्तर, बसा," ती म्हणाली. "चपला काढा आधी. आणि त्या लाल कोपऱ्यावर जपून, तो मोजलेला आहे."