लाटसाहेब

काल बायकोने गुलाबजामच्या पाकात घालायला गुलाबपाण्याची बाटली उघडली आणि मला इथे परदेशात, रोटोटुना उपनगरात झालेली ती दिवाळी आठवली. ऑफिसातल्या मित्राने नव्या घरी बोलावलं होतं. दारातच त्याने चांदीच्या गुलाबदाणीतून आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. "इंग्रजांच्या काळात गव्हर्नरने आमच्या पणजोबांना दिलेली. दरबारात खुर्ची होती त्यांना," तो म्हणाला. माझ्या पोटात दुखायला लागलं. माझ्या पणजोबांना त्या दरबाराच्या फाटकातही कोणी उभं केलं नसतं, आणि ही माझी बायको त्याची गुलाबदाणी देवाची मूर्ती धरावी तशी ओंजळीत धरून उभी! चांदी काळवंडलीय, तोंड वाकडंय, असे दोष मी मनातल्या मनात काढत राहिलो. "गव्हर्नर मीन्स?" आमच्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं. "लाटसाहेब! आपल्याकडे गव्हर्नरला तेच म्हणायचे," मित्र म्हणाला. "बट आजी कॉल्स बाबा दॅट!" ती ओरडली. दर रविवारी दुपारी भारतातून आईचा व्हिडिओ कॉल यायचा आणि जेवून आडवा झालेला मी दिसलो की ती विचारायची, "उठणार का लाटसाहेब?" सगळे खो खो हसले. मित्राच्या आईच्या फोटोला हार होता. त्या फोटोशेजारी गुलाबदाणी ठेवता ठेवता तो थांबला. "अजून म्हणते आजी?" त्याने मुलीला विचारलं. "एव्हरी संडे." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ती नजर मी लगेच ओळखली, संध्याकाळभर मी त्याच नजरेने त्याची गुलाबदाणी बघत होतो. आता रविवारी मी कितीही वेळ लोळलो तरी मला कोणी उठवत नाही.