वारा फिरला नव्हता

नीलेशला वाटतं, त्या दिवशी वारा फिरला. शिल्पालाही तसंच वाटतं. कारण मी तसं सांगितलं. खरं काय झालं ते मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — आईजवळही नाही. आज तुला सांगते.

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे. मी विक्रोळीची, शिल्पा मुलुंडची, नीलेश बोरिवलीचा. नीलेशचं घर मूळचं मालवणचं, त्यामुळे समुद्र त्याच्या अंगातच. मरोळच्या ऑफिसात दिवसभर मान मोडून बसायचा, आणि सुट्टी मिळाली की मनोरीला. तिथे त्याची एक जुनी, छोटी शिडाची बोट होती. तिच्यावर त्याने आम्हा दोघींना सगळं शिकवलं. माझ्या घरात पोहणारंसुद्धा कुणी नाही, बाबा जालन्याहून आलेले. पण सुकाणू माझ्या हातात दिलं की तो म्हणायचा, "झकास! सुजा, तू जन्माला आलीस ती चुकीच्या घरात."

असं मला दुसरं कुणी कधी म्हटलं होतं?

थंडीचे दिवस होते. आम्ही मनोरीहून अर्नाळ्याला गेलो, रात्री बोटीवरच झोपलो. आत तिघांना पाय पसरायला जागा नाही, स्टोव्हवर खिचडी करपलेली, अंथरूण दमट — आणि मी इतकी सुखात होते की काय सांगू. शहरात माझं असं कोण होतं? ऑफिस, घर, पुन्हा ऑफिस. हे दोघंच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. वारा पाठीमागून, शीड एका बाजूला पूर्ण उघडलेलं, सुकाणू माझ्याकडे. शिल्पा खाली चहा करत होती. तिथूनच ओरडली, "नील्या, ग्रीसला गेलास की असा चहा कोण देणार रे तुला?"

मी विचारलं, "ग्रीस?"

शिल्पाने डोकं वर काढलं. "हिला सांगितलं नाहीस अजून? वाट लागली."

त्याला तिकडच्या एका मोठ्या बोटीवर नोकरी लागली होती. महिन्याभरात निघणार होता. शिल्पाला केव्हाचं माहीत होतं. "तुला सांगणारच होतो गं," तो म्हणाला. "तू रडशील म्हणून थांबलो." आणि हसला. वाईट नव्हता हसला. तरी —

शिल्पा परत खाली गेली. मी समोर बघत राहिले. काल रात्रीसुद्धा दोघांना ठाऊक होतं, मी खिचडी वाढत होते तेव्हाही.

आता तुला बोटीबद्दल एकच गोष्ट सांगते. वारा पाठीमागून असताना बोट जरा जास्त वळली तर शीड एका बाजूकडून दुसरीकडे झपकन येतं, आणि त्याच्या खालचा आडवा दांडा डोक्याच्या उंचीवरून फिरतो. म्हणून वळवण्याआधी ओरडायचं — "डोकी खाली!" — सगळ्यांचं "हो" आलं की मगच वळायचं. नीलेशने पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

तो चहाचे कप घ्यायला उठला. शिडाकडे पाठ. मी त्याला उठताना पाहिलं. पाहिलं — हे नीट लक्षात घे. आणि मी बोट किनाऱ्याकडे वळवली. ओरडले नाही. दांडा फिरला आणि त्याच्या कानाजवळ बसला.

मारायचं होतं का मला त्याला? नाही. घाबरवायचं होतं? माहीत नाही. हात चुकला नाही, एवढं मात्र माहीत आहे.

जवळून जाणाऱ्या कोळ्यांच्या होडीने आम्हाला उत्तनला ओढून नेलं. सगळ्या वाटेवर मी त्याचं डोकं मांडीवर धरून होते. शिल्पाने रडत विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "वारा फिरला." किती पटकन सुचलं ते!

नीलेशला त्यातलं काहीच आठवत नाही. तो सगळ्यांना सांगतो की चूक त्याचीच, पाठ करून उभा राहिला. हॉस्पिटलात त्याच्या आईने माझे हात धरले. "तू होतंस म्हणान माझो झील वाचलो गो." मी हात सोडवून घेतले नाहीत.

त्याचा डावा कान गेला. बोटीवर पाय ठेवला की चक्कर येते, म्हणून ग्रीसची नोकरी गेली, मग बोटही विकली. शिल्पा लग्न होऊन पुण्याला गेली. नीलेश राहिला — मरोळच्या त्याच ऑफिसात. दर रविवारी विक्रोळीला माझ्याकडे येतो. समुद्राचं नाव काढत नाही. आम्ही टीव्ही बघतो. तो शेजारी बसलेला असतो तेव्हा मला जितकं एकटं वाटतं, तितकं रिकाम्या घरातही वाटत नाही.

मागच्या रविवारी त्याने विचारलं, "सुजा, तू हल्ली एवढी गप्प का असतेस गं?"

मी म्हटलं, "काही नाही रे."

त्याला ऐकू गेलं नाही. तो पुढे वाकला, आणि चांगला कान माझ्याकडे करून थांबला.

मी पुन्हा म्हटलं, "काही नाही."