पावण्याच्या सात घंटा

तिसरा भाग सगळ्यांत चांगला असं आण्णा म्हणायचे, आणि मी म्हणायचे दुसरा. हा वाद आम्हा बापलेकीत जवळजवळ दहा वर्षं चालला. आईने त्यात कधीच कुणाची बाजू घेतली नाही, कारण तिच्या मते पाचही भाग सारखेच बिनकामाचे होते.

वाद कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा होता. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्याचे चाहते अजून आहेत आणि पुढे मी जे म्हणणार आहे ते त्यांना झोंबेल. खेळात एक म्हातारा नकाशे काढणारा बेटाबेटांवर फिरत असतो. दिसेल ती वस्तू उचलायची, झोळीत टाकायची आणि पुढे कुठे अडलं की त्यातलीच एखादी काढून काम भागवायचं. गोळीबार नाही, मारामारी नाही. म्हाताऱ्याचं नाव परदेशी आणि लांबलचक होतं. ते आण्णांच्या जिभेवर कधी बसलं नाही. म्हणून आमच्याकडे कुठल्याही अनोळखी माणसाला जे म्हणतात तेच त्यांनी त्याला म्हणायला सुरुवात केली. ‘पावणं बोटीत बसलं का?’ ‘पावणं विहिरीत पडलं की गं!’

नव्वदच्या दशकात कसबा बावड्यातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या अभ्यासासाठी, असं गल्लीभर सांगून झालं होतं. साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला की चिमणीतून उडालेली काजळी घरभर बसायची, म्हणून आईने त्याला जुन्या साडीचं आवरण शिवलं होतं. कॉम्प्युटर सेकंडहँड होता आणि आधीच्या मालकाने या खेळाचे पहिले दोन भाग सीड्यांसकट तसेच ठेवले होते. अभ्यास पहिल्या आठवड्यातच मागे पडला.

आण्णा एका फौंड्रीत इन्स्पेक्टर होते. कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, तपासायचं आणि खडूने खूण करायची, हे त्यांचं काम. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे रिवर्क, पुन्हा दुरुस्तीला, लाल म्हणजे रिजेक्ट. ही सवय त्यांनी घरीही आणली होती. आईच्या भाकरीला त्यांनी एकदा तोंडी पिवळी खूण दिली, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांना भाकरी मिळाली नाही. खेळाच्या भागांनाही ते असेच तपासायचे आणि सीडीच्या पाकिटावर खडू ओढायचे.

पहिल्या भागाला त्यांनी पिवळी खूण दिली, आणि ते माझ्याही मते बरोबरच होतं. त्या भागात पहिल्याच बेटावर एक दोर पडलेला असतो. तो उचलायचा राहिला तर खेळ काही बोलत नाही. तुम्ही आपले खुशाल महिनाभर खेळता, शेवटच्या कड्यावर पोचता, आणि तिथे दोर नसतो. मागे जाता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याला मी अवघड म्हणत नाही, हलकटपणा म्हणते. आण्णा म्हणाले, “डिझाइनमधीच खोट हाय.”

दुसरा भाग मात्र बनवणाऱ्यांनी मन लावून बनवला होता. त्यात एक बाजार आहे. तिथे पैसे चालत नाहीत, अदलाबदलीवर सगळं. मासा दिला की चाक मिळतं, चाक दिलं की बोकड, आणि बोकड नको त्या वेळी नको ते खातो. प्रत्येक कोडं सुटलं की आपणच कपाळावर हात मारतो, इतकं ते समोर असतं. पात्रांचं बोलणं खाली अक्षरांत यायचं. मी शब्दकोश मांडीवर घेऊन ते आण्णांना मराठीत सांगायचे आणि मधूनमधून पदरच्या शिव्याही घालायचे. आण्णांना वाटायचं, पावणं भलतंच तोंडाळ आहे. तीन आठवड्यांत आम्ही तो संपवला. अवघडपणा कसा हवा, तर असा, असं माझं आजही मत आहे.

तिसऱ्या भागाची सीडी मी स्टँडजवळच्या एका गाळ्यातून आणली. गाळेवाला मोठ्या अभिमानाने म्हणाला, “एका सीडीत चार गेम बसीवल्यात. अख्ख्या कोल्हापुरात कोन देतंय का बघा.” कुणी देत नव्हतं, हे खरं.

या भागात पावणं बोलेचना. कुणीच बोलत नव्हतं. खाली अक्षरंही येत नव्हती. माणसं तोंडं हलवायची, हातवारे करायची आणि गप्प व्हायची. दुसऱ्या भागाच्या शेवटी पावण्याची बायको वारते. मी ताबडतोब सिद्धांत मांडला की, बनवणाऱ्यांनी हे मौन मुद्दाम ठेवलंय, हे दुःख आहे, ही उच्च कला आहे. मी तेव्हा अकरावीत होते आणि मला असे सिद्धांत फार सुचायचे. आण्णा म्हणाले, “सुतक असंल.” आम्हा दोघांचंही समाधान झालं.

मग आलं घंटांचं बेट. एका मनोऱ्यावर सात घंटा, आणि त्या ठरावीक क्रमाने वाजवल्या की खालचं दार उघडणार. चूक झाली की पावणं मान हलवत खाली उतरतं आणि पुन्हा चढतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक म्हातारी बसलेली. तिच्यावर क्लिक केलं की ती बराच वेळ तोंड हलवायची. आण्णांनी निरखून पाहिलं आणि निकाल दिला, “पान खातीया.” आम्ही तिचा नाद सोडला. झोळीतली प्रत्येक वस्तू प्रत्येक घंटेला लावून बघितली. आठवड्याने मी कंटाळून उठले.

त्याच महिन्यात फौंड्रीने माणसं कमी केली. पहिल्याच यादीत आण्णांचं नाव होतं.

आई गल्लीत सांगायची, त्यांनी रजा घेतलीय. आण्णा पहिले काही दिवस नेहमीच्या वेळी कपडे करून बाहेर पडायचे आणि कुठेतरी फिरून यायचे. मग एक दिवस त्यांनी फौंड्रीतलं एक कोरं इन्स्पेक्शन रजिस्टर काढलं, रकाने आखले आणि जेवण झाल्यावर कॉम्प्युटरपुढे बसले. सात घंटांचे जेवढे क्रम होऊ शकतात तेवढे सगळे ते एकामागून एक वाजवून बघणार होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. नापास. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, सहा. नापास. पुढे शेरा, पुढे सही. सही कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “बिनसहीचं रजिस्टर कोन धरतंय?”

मी हिशेब करून पाहिला. एकूण पाच हजार चाळीस क्रम होत होते. दिवसाला तीसएक व्हायचे. मी हसून हसून बेजार झाले, मैत्रिणींना सांगितलं, त्याही हसल्या. आज त्या हसण्याची लाज वाटते. आण्णांनी एक दिवस चुकवला नाही. बाहेरच्या खोलीतून पावण्याच्या चपलांचा आवाज यायचा. वर, खाली, वर. आई म्हणायची, “अवं, त्येला जरा बसू द्या की!”

पाच महिन्यांनी एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. दार उघडलं होतं. सहा, सात, पाच, तीन, दोन, एक, चार. चार हजार तीनशे अकरावा प्रयत्न. मी हिशेब केला आणि म्हणाले, “आण्णा, शेवटाकडून सुरू केलं असतं तर महिन्यात झालं असतं.” त्या दिवशी मला कुणी चहा दिला नाही.

पुढे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांचा इंटरव्ह्यू झाला. इतके महिने घरी काय करत होता, असं साहेबाने विचारलं. आण्णांनी पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. साहेबाने बरीच पानं उलटली, कुठे खाडाखोड दिसते का बघितलं, आणि कधीपासून येणार ते विचारलं. ही गोष्ट आण्णा प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगायचे. लोक पोट धरून हसायचे आणि आण्णाही हसायचे. तिसऱ्या भागाच्या पाकिटावर हिरवी खूण होती, तीही दोनदा ओढलेली.

पुढच्या भागांचं काय सांगावं! चौथ्यात समुद्र इतका सुंदर की बघत राहावं, पण पावण्याला आता उड्या माराव्या लागत होत्या. साठीच्या माणसाला कुणी उड्या मारायला लावतं का? ते सारखं पाण्यात पडायचं. कोडी किरकोळ. शिवाय पावणं बोलायला लागलं, आणि आवाज निघाला किरटा. सुतक फिटलं म्हणून आण्णा आधी खूश झाले, आणि आवाज ऐकल्यावर म्हणाले, “गप हुतं तेच बरं हुतं.” लाल खूण. पाचव्यात तर पावण्याच्या डोक्यावर एक बाण फिरत असायचा. कुठे जायचं, काय उचलायचं, सगळं तो दाखवायचा. दिवाळीच्या दोन दिवसांत खेळ संपला. आण्णांचा अपमान झाला. प्रश्नपत्रिकेबरोबर उत्तरं छापून दिल्यावर पास झाल्याचं सुख कसलं, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र तो भाग आवडला होता, आणि ते मी त्यांना चिडवायला मुद्दाम वाढवून सांगायचे.

नोकरीसाठी मी पुण्याला गेले. तिथे एका दुकानात मला पाचही भागांचा अस्सल संच मिळाला. खोलीवर येऊन मी हौसेने तिसरा भाग लावला, आणि पावणं बोलायला लागलं. एकदा सुरू झालं ते थांबेचना. मौन नव्हतं, दुःख नव्हतं, उच्च कला तर नव्हतीच. गाळेवाल्याने चार खेळ एका सीडीत कोंबताना सगळ्यांचं बोलणं आणि त्याबरोबर खालची अक्षरंही काढून टाकली होती. मी घाईघाईने घंटांच्या बेटावर गेले आणि म्हातारीवर क्लिक केलं. तिने स्वच्छ इंग्रजीत क्रम सांगितला. वर शेवटी असंही म्हणाली की, लक्षात राहिलं नाही तर पुन्हा विचार.

तिसरा भाग पाचव्याइतकाच सोपा होता.

इतक्या वर्षांचा वाद जिंकायचा पुरावा माझ्या हातात होता आणि मला तो वापरवेना. आण्णांचे ते पाच महिने या एका कोड्यावर उभे होते. नोकरी गेलेली असताना त्यांनी एवढी एकच गोष्ट जिंकली होती. मी संच कपाटात कपड्यांखाली ठेवला. दोन वर्षं मी कोल्हापूरला जायचे, रजिस्टरची गोष्ट ऐकायचे, वादात हरायचे आणि मनात म्हणायचे, मी किती समजूतदार मुलगी आहे.

पण माझा स्वभाव काही समजूतदार नाही. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मी आले होते. आण्णा आमरसावर हात मारत म्हणाले, “तुझी पिढी बानावाली. डोक्यावर बान फिरल्याबिगर तुमास्नी रस्ता घावत न्हाय. तिसऱ्यात तू आठ दिसांत उठलीस.” पुण्याची खोली बदलत असल्यामुळे माझं सगळं सामान त्या वेळी बरोबर होतं. मला राग आला. मी ताटावरून उठले, बॅगेतून संच काढला आणि कॉम्प्युटर सुरू केला. “या, बसा इथे,” मी म्हणाले.

पावणं बोलायला लागलं तेव्हा आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी बेटावर गेले. म्हातारीपर्यंत पोचेतो माझा राग पार उतरला होता आणि मला पश्चात्ताप व्हायला लागला होता. पण माऊस आता आण्णांच्या हातात होता. त्यांनीच क्लिक केलं.

“सिक्स,” म्हातारी म्हणाली. “सेव्हन. फाइव्ह.” पुढचं तिच्या आधी आण्णाच पुटपुटले, “थ्री, टू, वन, फोर.”

“आपल्या सीडीत बोलण्याचा आवाज नव्हता, आण्णा,” मी म्हणाले. “त्या गाळेवाल्याने जागेसाठी काढून टाकला होता. ही सगळ्यांना सांगते.”

“म्हंजे पान खात न्हवती?”

“नव्हती.”

“सगळ्यांस्नी सांगती? पयल्याच दिवशी?”

“हो.”

त्यांनी म्हातारीवर पुन्हा क्लिक केलं आणि क्रम पहिल्यापासून ऐकला. त्यांना काय लागलं असेल या विचाराने मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग त्यांनी मोठ्याने आईला हाक मारली. “अगं ए, हिकडं ये! आपल्याला कुनी कायबी सांगितलंच न्हवतं! एक सबूदबी न्हाय!” आई खरकटे हात घेऊनच दारात आली. आण्णांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते.

“मला वाटायचं, दुनियेतली मानसं ह्ये दोन दिसांत सोडीवत्यात,” ते आईला म्हणाले. “मलाच पाच म्हैनं लागलं. म्हटलं, आपलं डोस्कंच चालंना झालंय. पयल्या यादीत नाव आलं ते बराबरच हाय. लोकं हसायच्या आत आपुनच हसावं म्हनून सांगत सुटायचो लग्नात.”

आण्णांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले.

“तुला कवापास्नं म्हाईत हाय?”

“दोन वर्षं झाली,” मी म्हणाले.

“मग दोन वर्सं आदी सांगायचंस की गं, बाळ.”